सोसायटी ग्रुप: गच्चीवरच्या लसणाला तांबेरा

सुनंदाकाकू (बी ३०४): कोण आहे का ग्रुपवर, आत्ता गच्चीवरनं आले, लसणाच्या पातीवर सगळीकडं केशरी ठिपके आलेत. बोट फिरवलं तर शेंदूर लागल्यासारखं झालं, साबणानं धुतलं तरी नखात राहिलंय. चार दिवसांपूर्वी काही नव्हतं ओ. कोजागिरी झाल्यावर लावलेल्या पाकळ्या, तीन महिने रोज पाणी घातलंय, यंदाचा कांदा-लसूण मसाला घरच्या लसणाचा करायचा असं ठरवलेलं. लई वाईट वाटतंय

रोहित (ए २०२): काकू माझ्या लीकवर (ती जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी) पण आहे, बाहेरच्या पानांवर. मी धूळ समजत होतो

प्रिया (बी १०२): करपा असणार, माझ्या माहेरी कांद्यावर येतो दरवर्षी

सुनंदाकाकू (बी ३०४): रोहित तू नर्सरीतनं ती लीकची रोपं आणलीस ना, त्यातनं तर नाही ना आलं? राग नको मानूस, विचारतेय फक्त

रोहित (ए २०२): आणली तेव्हा एकदम स्वच्छ होती काकू, फोटो आहेत माझ्याकडं

देशमुखकाका (ए १०१): मी वर जाऊन बघून आलो. हा करपा न्हवं. जांभळ्या करप्यात पांढरट खोलगट डाग पडतो, मग मधे जांभळा होतो आणि कडेनं पिवळं. फुलकिडे असते तर पानावर चांदीसारख्या रेघा दिसल्या असत्या. इथं पानाची साल फोडून बारीक लांबट फोड वर आलेत आणि आत केशरी भुकटी हाय. हा तांबेरा. पांढऱ्या रुमालावर पात ओढून बघा, केशरी पट्टा उमटतो, मी आत्ता तेच केलं. आणि रोहितला कुणी काही बोलू नका, ह्या बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचं बारीक बी, वाऱ्यावर लांब लांबनं येतात, कुठनं आला ते कुणालाच सांगता येणार न्हाई

प्रिया (बी १०२): काका गव्हावर येतो तोच का हा? आणि सोयाबीनवरचा?

देशमुखकाका (ए १०१): नाव एक, बुरशी वेगवेगळी. गव्हाच्या तांबेऱ्यावर आपल्या महाबळेश्वरला संशोधन केंद्र हाय, सोयाबीनच्या तांबेऱ्यानं सातारा-सांगली-कोल्हापूरचे शेतकरी रडकुंडीला आलेले, तेव्हा सांगलीकडच्या कसबे डिग्रजच्या केंद्रानं फुले संगमसारखे त्याला तोंड देणारे वाण काढले. पण गव्हाचा लसणावर चढत न्हाई आणि सोयाबीनचाही न्हाई. हा लसूण, लीक, कांदा ह्या भावकीतच फिरतो, त्यातही लसूण आणि लीकला जास्त धरतो, कांद्याला कमी

सुनंदाकाकू (बी ३०४): मग औषध काय मारू? बहीण म्हणाली आंबट ताक मार

देशमुखकाका (ए १०१): ताकानं ह्यात काही व्हायचं न्हाई काकू. बुरशी पानाच्या आत वाढते, आपल्याला दिसतात ते नुसते फोड. जे पान लागलं ते कशानंच बरं होत न्हाई, शेतात मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम मारतात तेसुद्धा नवीन पान वाचवायला. आपल्याकडं ती पात पोरं चटणीत खातात, मी तर घरी काही मारू नका म्हणतो. आता नीट वाचा सगळ्यांनी. थंडी आणि ओल ह्यावर हा वाढतो, साधारण १० ते २४ डिग्रीत, आणि पान काही तास ओलं राहिलं की बीजाणू रुजतो. गेला आठवडा पहाटे अजिंक्यतारा किल्ला दिसत नव्हता एवढं धुकं होतं, त्यात काकू तुम्ही संध्याकाळी पाईपनं वरनं पाणी मारता, मी बघितलंय, म्हणजे पात रात्रभर ओली. पाणी सकाळी द्या आणि बुडाशी द्या. युरिया किंवा शेणखताचं पाणी बंद, लुसलुशीत पानावर हा जास्त माजतो. आणि एका क्रेटमधे एवढ्या दाट पाकळ्या टोचल्यात की वारा शिरायला जागा न्हाई, पुढच्या वेळी दोन रोपांत १० सेंटिमीटर तरी ठेवा

रोहित (ए २०२): लागलेली सगळी पानं कापू का?

देशमुखकाका (ए १०१): सगळी न्हाई!! गड्डी पानांच्या जिवावर भरते आणि लसणाचं एकेक पान म्हणजे गड्डीवरचा एकेक पापुद्रा, सगळी पात काढली तर गड्डी बारीक राहील आणि टिकणार पण न्हाई. खालची, अर्ध्यापेक्षा जास्त केशरी झालेली तेवढी कापा, हळूच, झटकू नका, पिशवीत घालून तोंड बांधून घंटागाडीत द्या. सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात एकही पान जाता कामा नये. कात्री आणि हात धुऊन मगच दुसऱ्या क्रेटला हात लावा. तुझ्या लीकचं बरं हाय, बाहेरची पानं काढलीस तरी मधनं नवीन येत राहतात, फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापलं की ह्याचा जोर आपोआप कमी होतो

सुनंदाकाकू (बी ३०४): आणि खायला चालेल ना? नातवाला दिला तर?

देशमुखकाका (ए १०१): चालेल. माणसाला ह्याचं काही होत न्हाई, गड्डीत तो उतरतही न्हाई. गड्ड्या थोड्या लहान भरतील एवढंच. मसाल्याला लहान पाकळी काय वाईट

सुनंदाकाकू (बी ३०४): उद्या सकाळी दव वाळलं की जाते वर. रोहित तू पण ये बाळा, तुझीपण पानं काढून देते. सकाळी बोलले ते मनात धरू नको

रोहित (ए २०२): नाही काकू, येतो. पिशव्या मी आणतो

(मार्च महिना)

सुनंदाकाकू (बी ३०४): काढला लसूण! ४० पाकळ्या लावलेल्या त्यातल्या ३६ गड्ड्या निघाल्या, लिंबाएवढ्या, पापुद्रे पातळ आहेत पण आत पांढऱ्याशुभ्र. ज्या फुटल्यात त्या आधी चटणीला घेणार, बाकीच्या जुडी बांधून सावलीत टांगल्यात

रोहित (ए २०२): माझ्या लीकची मधली पानं एकदम स्वच्छ आलीत काका, काल सूप केलं

सुनंदाकाकू (बी ३०४): काका त्या मोकळ्या क्रेटमधे कांद्याची पात लावू का?

देशमुखकाका (ए १०१): न्हाई न्हाई, भेंडी न्हाईतर गवार लावा. कांदा, लसूण, लीक दोन-तीन वर्षं त्या मातीत नको. आणि कोपऱ्यात एक चुकार लसूण उगवलाय बघा, तो आजच उपटा

सुनंदाकाकू (बी ३०४): उपटला