मदत हवी आहे: एलटीओ-८ टेप (बॅकअपची चुंबकीय टेप) मध्येच थांबते, बॅकअप सकाळपर्यंत लांबतो

जालन्याच्या एमआयडीसीतला सळई कारखाना. रोज रात्री ११ ला ४ टीबीचा फुल (सगळ्या डेटाचा) बॅकअप थेट टेपवर जातो. ड्राइव्ह सेकंदाला ३६० एमबी घेऊ शकते, पण १ गिगाबिटच्या नेटवर्कवरून जेमतेम ११० येतात. बारीक फायलींच्या फोल्डरला तर ६०. डेटा कमी पडला की टेप थांबते, मागे जाते, परत धावते. यात हेड (टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग) आणि टेप दोन्ही झिजतात, याचीच जास्त काळजी वाटते.

आधी डिस्कवर घेऊन मग टेपवर उतरवायचा विचार आहे. फुल फक्त रविवारी. ४ साटा हार्ड डिस्कचं रेड १० (डेटा डिस्कवर वाटून आणि प्रत्येकाची जोडप्रत ठेवणारी रचना) एकाच वेळी लिहिताना-वाचताना सेकंदाला ३६० एमबी टिकवेल का? ब्लॉक साइज (टेपवर एका वेळी लिहिला जाणारा डेटाचा तुकडा) ६४ वरून २५६ केबी केली तर जुन्या टेपांचा रिस्टोअर अडेल का? कुणी करून पाहिलं असेल तर आकड्यांसकट सांगा.