स्वस्तात बर्फ पाहून आलेले पुणेकर, अनुभव लिहा

परवा जेवताना सासूबाई म्हणाल्या, "एकदा तरी बर्फ पडताना बघायचाय." घरात आम्ही दोघं, त्या, आणि चौथीतला आणि पहिलीतला असे दोन मुलगे. टूरवाल्यांचे आकडे विचारून झाले. पाच माणसांचे पैसे आमच्या वर्षभराच्या शिलकीच्या पुढे जातात, म्हणून सगळं स्वतःच आखायचं ठरवलंय. साधारण फेब्रुवारीत जाऊ. तुम्ही कुठे गेलात, कसे गेलात, पैसे कुठे वाचले आणि कुठे वाचवू नयेत, हे सविस्तर लिहा. लहान मुलं किंवा ज्येष्ठ बरोबर होते त्यांनी तर नक्कीच लिहा. "मनाली मस्त आहे" एवढ्यावर भागणार नाही. बसचा, बुटांचा, हीटरचा तपशील हवाय.

कोथरूड, मुलगी सहा वर्षांची

आम्ही नारकंड्याला गेलो होतो आणि कमी पैशांत जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच नाव सुचवते. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने अंबाला, तिथून काल्का आणि पुढे शिमल्यापर्यंतची ९६ किलोमीटरची छोटी गाडी. ही गाडी १९०३ पासून धावतेय आणि मुलांसाठी तीच अर्धी सहल आहे. शिमल्याहून रामपूरकडे जाणाऱ्या हिमाचल परिवहनच्या साध्या बसने नारकंडा, अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. टॅक्सीच्या तुलनेत बसभाडं किरकोळ. वाटेत कुफरी लागतं, पण तिथे घोडेवाले आणि गर्दी फार, आम्ही उतरलोच नाही.

मुद्दा असा की मुलं बरोबर असतील तर राहत्या जागी बर्फ हवा. शिमल्यात राहून "बर्फ पॉइंट"ला गाडी करून गेलात, तर मूल अर्ध्या तासात भिजतं, कुडकुडतं, आणि गाडीचं भाडं देऊन दिवस तिथेच संपतो. नारकंड्यात आमच्या खोलीच्या मागेच बर्फ होता. सकाळी खेळायचं, भिजलं की आत यायचं, कपडे बदलून गरम काहीतरी खायचं, दुपारी पुन्हा बाहेर. लेकीने छोट्या घमेल्यात बसून त्याच उतारावरून इतक्यांदा घसरून घेतलं की हॉटेलातल्या भाभींनी जाताना ते घमेलं तिलाच देऊ केलं. त्या घसरगुंडीला एक रुपया लागला नाही.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेवढी तारीख पकडा. पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण तिकीट पडतं, हे हिशेबात धरा.

सिंहगड रोड, सह्याद्रीत भटकणारे

कपड्यांबद्दल मला पोटतिडकीने लिहायचंय, कारण पैसे इथेच उगाच जातात. आपण पुणेकर थंडीला घाबरून जाडजूड जाकिटं घेतो. बर्फात खरा त्रास ओलीचा. अंग कोरडं असेल तर शून्याखालीही मूल तासभर आनंदात खेळतं. ओला मोजा पायात असेल तर दहा मिनिटांत रडायला लागतं.

त्यामुळे जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा, सुती कापड भिजलं की वाळत नाही. आत थर्मल, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर, आणि सगळ्यात वर पावसाळ्यातला रेनसूट, पँटसकट. तो प्रत्येकाच्या घरी असतोच. मुलांचा एक माप मोठा असला तर आत स्वेटर नीट मावतो. लोकरीचे हातमोजे बर्फाचा गोळा केला की लगेच भिजतात. त्यावर भांडी घासायचे रबरी हातमोजे मोठ्या मापाचे चढवा. दिसायला कसेही दिसोत, बोटं कोरडी राहतात. थर्मलवर पैसे खर्च करा, बाकीचं थंडीत रस्त्याकडेला बसणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडून किंवा नातेवाइकांकडून मागून आणा.

बूट विकत घेऊ नका. तिथे भाड्याने गमबूट मिळतात, पण आतून दमट असतात. एक मोजा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर दुसरा जाड मोजा, मग बूट. माणशी चार जोड मोजे न्या.

औंध

खोली ठरवताना हीटर भाड्यात धरलाय का, हे विचाराच. बऱ्याच ठिकाणी रात्रीचे वेगळे पैसे लावतात आणि ते पोचल्यावर कळतं. गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत, हेही विचारा. कडाक्याच्या थंडीत नळात पाणी गोठतं.

चिंचवड, दोन कुटुंबं मिळून

आम्ही मनाली केलं. दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे रात्रीची सरकारी बस. दोन कुटुंबं असल्यामुळे टॅक्सी अर्धी पडली, आणि मनालीत खर्च टॅक्सीचाच असतो. जवळच्या सोलंगच्या रस्त्यावर बर्फाचे सूट भाड्याने देणारी दुकानं ओळीने आहेत. ड्रायव्हर आपल्या ओळखीच्या दुकानापाशी थांबवतो, पण तिथूनच घ्यायला हवं असं नाही. सूट आणि बूट मिळून आम्हाला माणशी ३०० च्या आत पडले. चेन, खिसे आणि पार्श्वभाग तपासून घ्या. बसून घसरायचं असतं आणि फाटका सूट तिथेच दगा देतो.

सोलंगला बर्फ पातळ असेल तर अटल बोगद्यापलीकडे लाहौलमध्ये मिळण्याची शक्यता जास्त. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, त्याआधी हिवाळ्यात तिकडे जाणं आपल्यासारख्यांच्या हातातलं नव्हतं. मात्र अलीकडच्या वर्षांत जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बोगद्यापलीकडच्या सिस्सू भागातले गावकरी देवकार्यासाठी पर्यटन बंद ठेवतात. तुमच्या तारखा नेमक्या त्यातल्याच आहेत. आधी चौकशी करा, आणि बंद असेल तर गावाचा मान ठेवून सोलंग, हमटाच्या बाजूलाच राहा.

नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा मात्र टाळाच. खोल्या महाग, रस्त्यावर गाड्यांची रांग, आणि बर्फाची खात्री फेब्रुवारीपेक्षा कमी.

धायरी

खाण्यावर लिहिते. घरून भाजलेला रवा न्या. त्यातच मोहरी, जिरं, कढीपत्ता, मिरचीची फोडणी कोरडी होईपर्यंत परतून, मीठ-साखर घालून डब्यात भरायचा. खोलीत किटलीत पाणी उकळलं की डब्यात ओतायचं, झाकण घट्ट लावून दहा मिनिटं गप्प ठेवायचं. उपमा तयार. मेतकूट आणि तुपाची छोटी बरणीही न्या, गरम भात तर कुठेही मिळतो. आमचं सकाळचं खाणं पूर्ण असं निघालं, आणि मुलांची पोटं शेवटपर्यंत ठीक राहिली. किटली रेल्वेत लावायला परवानगी नाही, ती फक्त मुक्कामी वापरा. ओठांना आणि टाचांना कोकमतेल. त्या कोरड्या हवेत दुसरं काही त्याच्या जवळपास येत नाही.

शिवाजीनगर

हवामान बघून तारखा ठरवता येत नाहीत, पण जाण्याआधी चार-पाच दिवस अंदाज नक्की बघा. तिकडचा बर्फ बहुतेक पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणाली, आणतात. असा विक्षोभ येऊन गेल्यावर एक-दोन दिवसांत पोचलात तर ताजा बर्फ आणि निरभ्र ऊन दोन्ही मिळतं; ऐन त्यात सापडलात तर रस्ते बंद. म्हणून परतीच्या आरक्षणाआधी एक मोकळा दिवस ठेवा आणि तो दिवस डोंगरात न घालवता खाली, चंडीगड किंवा दिल्लीत काढा. आपल्या सिमला ऑफिस चौकाचं नाव याच खात्यावरून पडलंय. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं होतं. मुलांना जाण्याआधी तिथून एक चक्कर मारून हे सांगा.

धागाकर्ती

किती मनापासून लिहिताय सगळे! घमेलं आणि रबरी हातमोजे दोन्ही यादीत गेले. एक राहिलंय. सासूबाईंचं वय ६८, बीपीची गोळी चालू आहे. उंचीचं काय?

सहकारनगर, आईबरोबर गुलमर्ग

ताई, आधी डॉक्टरांना विचारा, गोळ्या त्यांच्या सल्ल्यानेच. उंची समजून घ्यायला आपलं मोजमाप घ्या. कळसूबाई १,६४६ मीटर. मनाली गावच साधारण २,०५० वर, नारकंडा आणि गुलमर्ग २,६५०-२,७०० च्या आसपास. एवढ्यावर बहुतेकांना फार त्रास होत नाही, तरी पहिला दिवस काहीही न ठरवता काढा, पाणी पीत राहा, चढ सावकाश चढा. गुलमर्गच्या गंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा मात्र चार हजार मीटरच्या जवळ नेतो. आम्ही आईला पहिल्या टप्प्यापर्यंतच नेलं. तिथे खुर्ची टाकून ती उन्हात बसली, पाय बर्फात, आणि नातवंडांना हाका मारत होती. तिचं समाधान तिथेच झालं होतं, अजून वर नेण्यात अर्थ नव्हता. गॉगल सगळ्यांना हवाच. बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना आणि कातडीला जाळतं, ढगाळ दिवशीसुद्धा.

खर्चाचं म्हणाल तर आम्ही श्रीनगरला राहून गेलो. बर्फ ताजा असला की वाटेतल्या टंगमर्गपासून चाकांना साखळ्या लावलेल्या स्थानिक गाड्या घ्याव्या लागतात, तेवढे पैसे वेगळे काढा. गंडोलाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा, रांगेत दलालांच्या नादी लागू नका. आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, घरात एक तरी पोस्टपेड असू द्या. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे झाल्यामुळे महागड्या विमानाला पर्याय मिळालाय. स्लेज ओढणाऱ्यांशी दर आधी ठरवा, पण ठरल्यावर पुन्हा घासाघीस करू नका. चढावर आपल्याला ओढून नेताना त्यांचा श्वास ऐकू येतो.

हडपसर

शाळा बुडवायची नसेल तर मे महिनासुद्धा चालतो. रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आहे, रस्ता उघडला की दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात. गाडीला ऑनलाइन परवाना लागतो, रोजच्या गाड्यांची संख्या ठरलेली आहे आणि मंगळवारी रस्ता पर्यटकांना बंद असतो. पण बर्फ पडताना दिसण्याची शक्यता कमी, आणि उंची पाहता आजींना तिथे नेऊ नये. तुमच्यासाठी मला फेब्रुवारीतलं नारकंडाच बरं वाटतं. झेलमचं आरक्षण आधी बघा, सुट्टीचा अर्ज मग टाका.