झेडपीच्या शाळेत एनजीओ येतेय, गावात दोन गट पडलेत. नक्की काम कुणाचं?

येरळाकाठचा
नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात आमचं छोटं गाव, झेडपीची चौथीपर्यंतची शाळा, पोरं चाळीस-पंचेचाळीस, मास्तर दोन आणि त्यातले एक सर बीएलओ असल्यामुळं सारखे मतदार यादीच्या मागं. दोन खोल्या गळतात, पावसाळ्यात पहिली ते चौथी एकाच व्हरांड्यात बसते आणि एका कोपऱ्यात पाढे तर दुसऱ्या कोपऱ्यात कविता असा कालवा चालू असतो. आता एका कंपनीच्या सीएसआरमधनं, म्हणजे समाजकामासाठीच्या पैशातनं, एक एनजीओ आलीय, तीन वर्षं दोन शिक्षिका देतो, टीव्ही लावतो, रंग मारून देतो म्हणतात. तिकडं शेजारच्या गावातली हायस्कूलवाली शिक्षणसंस्था म्हणतेय कशाला या भानगडी, पोरं आमच्याकडं पाठवा, गाडी आम्ही लावतो. ग्रामसभेत निम्मे म्हणाले फुकट मिळतंय तर घ्या की, आणि निम्मे म्हणाले आपण एनजीओला आत घेतलं की सरकार अंग काढून घेणार. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, दोन्हीकडनं शिव्या खातोय. सरकारनं काय करायचं, संस्थेनं काय आणि एनजीओनं काय, याला काय ठरलेली हद्द हाय का नाही?

मास्तर_रिटायर्ड
हद्द कागदावर आहे, आपल्या भागात ती कधीच सरळ नव्हती. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ ला कराडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली तेव्हा ती आजच्या भाषेत एनजीओच होती की. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला जेवत होती, धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, हे सरकार करत नव्हतं म्हणून त्यांनी केलं. पण पुढं शाळा वाढल्या तशी सरकारी ग्रँट लागलीच, आणि आज अनुदानित हायस्कूल म्हणजे काय तर शाळा संस्थेची, पगार सरकारचा. मी अशाच शाळेत नोकरी केली, पगार ट्रेझरीतनं यायचा आणि दम संस्थेचा खायला लागायचा 😄 त्यामुळं सरकारी, बिनसरकारी आणि शैक्षणिक असे तीन वेगळे डबे करून तुमचं उत्तर मिळणार नाही.

तुमच्या शाळेपुरतं मात्र स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासनं. ६ ते १४ वयाच्या पोराला शिकवणं ही सरकारची आणि स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे इथं झेडपीची, जबाबदारी. एनजीओची नाही, संस्थेचीही नाही. ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक ही मंजुरी आहे. बीएलओचं म्हणाल तर कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक या कामांना सूट आहे, तिथं भांडून उपयोग नाही, बदली व्यवस्था मात्र मागता येते.

पाटी_पेन्सिल
मास्तर, सगळं खरं, पण रयतचं नाव घेऊन आजच्या संस्थांना पुण्यवान करू नका. आपल्याच सांगलीचे वसंतदादा मुख्यमंत्री असताना १९८३ ला विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, त्यानं खेड्यातली पोरं इंजिनिअर झाली हे नाकारत नाही, माझा भाऊच झालाय, पण त्यानंतर कारखाना, दूधसंघ, बँक आणि शाळा एकाच वाड्यावरनं चालायला लागल्या आणि इलेक्शनला मास्तर लोकं गाडीत बसून फिरायला लागले ते पण बघितलंय ना. शेजारच्या संस्थेला तुमची पोरं का पाहिजेत? पटसंख्या! वर्गातली पोरं कमी झाली की त्यांची शिक्षकाची पदं अडचणीत येतात. गाडी काय प्रेमानं लावत नाहीत.

आणि सीएसआर पण उपकार नव्हं. २०१३ च्या कंपनी कायद्यात ठराविक आकाराच्या वर गेलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायलाच लागतो. फोटो काढायला येतील, बोर्ड लावतील, तीन वर्षांनी तालुका बदलतील. २०२३ ला सरकारनंच दत्तक शाळा योजना आणली, देणगीदाराचं नाव शाळेला द्यायची सोय होती त्यात. मग सरकार कशाला पाहिजे, बोर्ड रंगवायला?

माणदेशी_ताई
पाटीपेन्सिलदादा, सगळ्यांना एका मापात नका घालू. मी म्हसवडकडची. आमच्या इथं १९९७ ला माणदेशी महिला बँक झाली. आधी रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला कारण अर्ज करणाऱ्या बायका अंगठा लावणाऱ्या, तर त्या बायका लिहायला शिकल्या आणि परत गेल्या. यात बघा, काम सुरू केलं ते सरकारबाहेरच्यांनी, अडवलं सरकारी नियमानं, पण परवाना मिळाला म्हणूनच आज तिथं बाई बिनघोर पैसे ठेवते. नियम नसता तर चिटफंडवाले पण आलेच असते की.

पाण्याचं पण तसंच. पाणी फाउंडेशनची गावागावात पाणी अडवायची स्पर्धा, वॉटर कप, २०१६ ला पहिल्यांदा कोरेगावच्या वेळूनं जिंकली, २०१८ ला आमच्या माणमधल्या टाकेवाडीनं. प्रशिक्षण फाउंडेशनचं, घाम गावाचा. मी स्वतः पाटी उचललीय, रात्री टॉर्चच्या उजेडात बांध घालायचो, हात सोलून निघालेले. पण दुष्काळात टँकर पाठवायला परत तहसीलदारच लागतो, तिथं कुठल्या एनजीओला जाब विचारणार? मला तर एवढंच कळतं, काम कुणीही चालू करू दे, पण ते बंद पडलं तर कुणाच्या दारात जाऊन ओरडायचं हे आधी ठरलेलं पाहिजे.

आणि येरळाकाठच्या दादा, तुमच्या नदीवर वरच्या अंगाला खानापूर तालुक्यात बळीराजा धरण आहे ना? ऐंशीच्या दशकात तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी नदीतली वाळू विकून पैसा उभा केला, भूमिहीनाला पण पाण्याचा वाटा ठरवला. परवानगीसाठी सरकारशी भांडले, सरकारला सोडून दिलं नाही.

विश्रामबागकर
ताईंचा मुद्दा २०१९ च्या पुरात सांगलीनं अंगावर घेतलाय. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ च्या वर. शहरात काय चाललंय ते आम्हाला कळेपर्यंत गल्लीत पाणी होतं. पहिले दोन दिवस कोण आलं तर गल्लीतली पोरं, मंडळवाले, तराफा करून म्हातारी माणसं काढत होते. एनडीआरएफच्या बोटी नंतर. पण ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली तीसुद्धा विसरायची नाहीत, लोकांची हिंमत असली तरी लाइफ जॅकेट आणि धड बोट ही आधीपासनं तयार ठेवायची गोष्ट आहे आणि ती सरकारनंच ठेवायची.

शाळा-कॉलेजं छावण्या झाल्या. एनएसएसची पोरं पोळ्या वाटत होती, प्राध्यापक याद्या करत होते. मदत महाराष्ट्रभरनं आली, चांगलं झालं, पण वळिवासारखी एकदम, ट्रकच्या ट्रक जुने कपडे, एका खोलीत साड्या छताला लागलेल्या आणि औषधाला मात्र माणसं फिरतायत, सॅनिटरी पॅड विचारायला बायका लाजतायत. कुठल्या गावाला काय पोचलं याची एक यादी करायला कुणीतरी पाहिजे होतं, आणि तो अधिकार तहसीलदाराशिवाय कुणाला नाही. कोयनेतनं किती सोडायचं, अलमट्टीबद्दल कर्नाटकशी काय बोलायचं, हे तर कुठलीच संस्था ठरवू शकत नाही.

एक जरा आडवं बोलतो. आपल्या भागाला सरकारविना चालायची सवय जुनी आहे, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या वेळी कुंडलकडं लोकांनी स्वतःची न्यायमंडळं चालवली. पण त्यांनी पण नाव काय ठेवलं? प्रतिसरकार. म्हणजे इंग्रज नको होता, सरकार पाहिजेच होतं.

पाटी_पेन्सिल
ते स्वातंत्र्यसैनिक होते ओ, आत्ता सीएसआरवाल्यांशी कुठं जोडताय 🙏

विश्रामबागकर
जोडत नाही, फरकच सांगतोय. नाना पाटलांच्या माणसांना गावात राहायचं होतं. तुमची एनजीओ कुठं राहते ते विचारा.

येरळाकाठचा
एनजीओचं ऑफिस पुण्याला. दोन शिक्षिका मात्र तासगावातल्याच ठेवणार म्हणतात. एक अडचण सांगायची राहिली, त्यांना करारावर मुख्याध्यापकांची सही पाहिजे आणि ती पण पंधरा दिवसात. सर घाबरलेत. समितीनं काय करायचं?

मास्तर_रिटायर्ड
सर घाबरले ते बरोबरच आहे. इमारत झेडपीची, त्यामुळं गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वरची लेखी परवानगी आल्याशिवाय एकट्या मुख्याध्यापकानं सही करू नये. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करायचा अधिकार तुमचाच आहे, तर पहिल्यांदा त्यात गळक्या खोल्यांची दुरुस्ती घाला, पंचायत समितीच्या अभियंत्याकडनं एस्टिमेट घ्या आणि झेडपीकडं पैसे मागा. ते एनजीओला करायला देऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षी तुमची शाळा दुरुस्तीच्या यादीतच दिसणार नाही. शिक्षिका घ्या की, जादा म्हणून घ्या, मंजूर पदाच्या जागी नको. चौथ्या वर्षी काय होणार हे करारात लिहून मागा, टीव्हीची दुरुस्ती आणि लाइट बिल कोण भरणार ते पण.

माणदेशी_ताई
आणि पोरांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, हे पण घाला. आमच्या इथं एका वर्गाला पाहुणे यायचे त्या दिवशी तीनदा तेच गाणं म्हणायला लावलेलं.

येरळाकाठचा
घालतो. बैठकीची नोटीस उद्या लावतोय, ग्रामसेवकाला पण बोलावलंय. शेजारच्या संस्थेला अजून नाही म्हणालो नाही, त्यांचे मॅडम गणित फार भारी शिकवतात, शनिवारी आमच्या पोरांना घ्याल का असं विचारून बघणार आहे. पटसंख्येवर नाव आमचंच राहील म्हणलं की कळेल गाडी येते का नाही.