‘पायाखालची वाट’ आणि चकवा

तिकटीकर: बाबा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले, 70 वर्षं तिथंच. नवरात्रात महाद्वार रोडला बॅरिकेड होती म्हणून मधल्या बोळातनं घुसले आणि फिरून फिरून परत त्याच पानपट्टीपाशी. घरी येऊन म्हणतात, सगळी पायाखालची वाट रे, तरी चकवा लागला. चकवा रानात लागतो न्हवं? आणि पायाखालची वाट म्हणजे रस्ता माहीत असणं का नुसती सवय?

पेठेतली: सवयच. पाय आपोआप वळतात, डोकं भाजीच्या हिशोबात. ही सवय मेंदूत वेगळीकडं बसते, स्ट्रायटम म्हणतात त्या भागात. गावाचा नकाशा हिप्पोकॅम्पस म्हणतात त्या दुसऱ्या भागात. ओकीफ या शास्त्रज्ञांनी 1971 मधे उंदरात दाखवलं की उंदीर ठरावीक जागी आला की ठरावीक पेशी पेटते, मोझर जोडप्याला 2005 मधे शेजारच्या भागात षटकोनी जाळीसारख्या पेटणाऱ्या पेशी सापडल्या, 2014 ला तिघांना नोबेल. बाबांची वाट तुटली तशी नकाशा काढायची वेळ आली, एवढंच.

तिकटीकर: म्हणजे बाबांकडं नकाशाच नाही? 70 वर्षांत??

रंकाळ्याकडचा: असेल की, पण ‘नकाशा’ शब्दच मला पटत नाही. नकाशा वरनं बघतात, आपण आठवताना कुठंतरी उभं राहून आठवतो. मिलानमधे 1978 चा प्रयोग आहे, मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या दोन पेशंटना ओळखीचा चौक मनात आणून वर्णन करायला सांगितलं तर डावीकडच्या इमारती गाळल्या. मग म्हणाले आता समोरच्या टोकाला उभे आहात असं समजा, तर मगाशी गाळलेल्या बरोब्बर सांगितल्या आणि आधी सांगितलेल्या गाळल्या! सगळं डोक्यात होतंच, दिसत होती एकच बाजू. आपल्यात ‘डोळ्यासमोर उभं राहणं’ म्हणतात ते जास्त बरोबर आहे बघा.

पेठेतली: हे भारीय. मग चकवा म्हणजे पाय सुटले आणि डोळ्यासमोर काय उभंच राहिना. रान असो नाहीतर बोळ.

तिकटीकर: आत्ताच बाबांना विचारलं, अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारातनं आत बघताना घाटी दरवाजा कुठल्या हाताला? लगेच म्हणाले डाव्या. आणि समोरच्या पूर्व दरवाजातनं? गप्प. मग खुर्चीतनं उठले, पाठ फिरवून भिंतीकडं तोंड केलं, हात वर करून बघितला आणि म्हणाले उजव्या.