व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकांना हिपॅटायटिस सी कसं शिकवायचं?

मुक्ता_एमएसडब्ल्यू
नमस्कार. नाशिकजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. आमच्याकडे दारूचे पेशंट जास्त, सुईने नशा करणारे मोजकेच. मध्यंतरी एका मुलाची एचसीव्ही (हिपॅटायटिस सीचा विषाणू) अँटीबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि केंद्रात एकच गोंधळ. मावशींनी त्याचं ताट-वाटी वेगळं काढलं, एका सहकाऱ्याने "तुझं लिव्हर गेलं" असं तोंडावर सांगून टाकलं, आई काविळीची माळ घेऊन आली. आता संचालक सरांनी मला सगळ्या स्टाफसाठी दोन तासांचं सत्र घ्यायला सांगितलंय. जीनोटाइप (विषाणूचे उपप्रकार), यकृताच्या आकृत्या असल्या स्लाइड्स नेटवर ढिगाने आहेत. पण समुपदेशकाला नेमकं काय यायला हवं?

जुनी_समुपदेशक
मुक्ता, जीनोटाइप खुशाल गाळ. पहिला तास दोन रिपोर्टवरच घालव.

अँटीबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी अंगात शिरला होता, एवढंच. साधारण १०० पैकी ३० जणांच्या शरीरातून तो सहा महिन्यांच्या आत औषधाशिवाय निघून जातो. आज आहे की नाही, हे आरएनए टेस्ट सांगते, ज्याला आपण व्हायरल लोड म्हणतो. आपले पेशंट गळतात ते या दोन टेस्टच्या मध्ये. म्हणून दोघादोघांच्या जोड्या कर, हातात खोटा रिपोर्ट दे आणि समोरच्याला तो सांगायला लाव. "तुला सी झालाय" असं पहिल्याच टेस्टवर किती जण बोलतात ते बघ. दांडगा अनुभव असलेलेही बोलतात!

मग उपचार. आमच्या पिढीच्या डोक्यात अजून इंटरफेरॉन हे जुनं औषध बसलंय: महिनोन्महिने इंजेक्शनं, ताप, नैराश्य. तेव्हा डॉक्टर म्हणायचे, "आधी नशा सोड, मग ये." ते वाक्य आपण अजून पेशंटला ऐकवतो, हे मला फार खटकतं. आता बहुतेकांना सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविरच्या गोळ्या १२ आठवडे, आणि ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात. नशा चालू आहे म्हणून उपचार नाकारायचे नसतात. २०१८ साली राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

बरं झाल्यावरही अँटीबॉडी पॉझिटिव्हच येत राहते, हे पेशंटला आधीच सांगून ठेवा. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी केलेली आरएनए टेस्ट निगेटिव्ह आली की बरा झाला. तो कागद जपून ठेवायचा. आणि हो, पुन्हा लागण होऊ शकते.

फील्डवरचा
मॅडम, मी स्वतः टोचायचो, आता पीअर म्हणून, म्हणजे त्यांच्यातलाच एक म्हणून पोरांसोबत काम करतो. एचआयव्हीमुळे सुई वेगळी ठेवायची हे पोरांना पाठ आहे. पण माल विरघळवायचं झाकण एक, गाळायचा कापूस एक, पाणी एक. "सुई शेअर करतोस का?" विचारलं तर "नाही" म्हणतो, आणि खोटं नाही बोलत तो. "माल कशात बनवला? पाणी कोणाचं होतं?" असं विचारा.

दुसरं, पोरं रिपोर्टला नाही घाबरत, रक्त काढायला घाबरतात. शिरा गेलेल्या असतात, लॅबवाला चार ठिकाणी टोचतो आणि वरून बोलतो. जायच्या आधी भरपूर पाणी पाजा. कुठली शीर लागते ते त्यालाच विचारायला लॅबवाल्याला सांगा, त्याला बरोबर माहीत असतं.

गोळ्यावाला_डॉक्टर
भर घालतो. दारू सोडताना फिट येतात म्हणून कोणी कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइनवर असेल, तर त्याने सीच्या गोळ्यांचा असर कमी होतो. टीबीच्या रिफाम्पिसिनचंही तेच. समुपदेशकाने काही बंद करायला सांगायचं नाही, फक्त सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवायला लावायची. अफू-हेरॉइनची नशा सोडवायला देतात ते ब्युप्रेनॉर्फिन चालतं. सीचे उपचार सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासलीच पाहिजे, नाहीतर दबलेला बी उसळू शकतो. बीची लस आहे, सीची नाही. तुमच्याकडे दारूचे पेशंट जास्त म्हणता, तर हे ठसवा की सी असताना दारू चालू राहिली तर सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं) लवकर गाठतो.

मुक्ता_एमएसडब्ल्यू
खूप आभार सगळ्यांचे. दादा, पाण्याचा प्रश्न माझ्या कधी डोक्यातच आला नव्हता. ताटाचं काय सांगू? मावशी ऐकत नाहीत.

जुनी_समुपदेशक
एकत्र जेवण, मिठी, एकच संडास, कशानेही होत नाही. मावशींनाही सत्राला बसव. आणि हा रक्तातून पसरतो, म्हणून ताटापेक्षा दाढीकडे बघ. केंद्रात न्हावी येतो ना? प्रत्येकाला नवीन ब्लेड लावतो का, की एकावरच दहा जण उरकतो? नेलकटर, टूथब्रशही ज्याचा त्याचा. सत्राआधी सिव्हिलला फोन करून व्हायरल लोडचं सॅम्पल कोणत्या वारी घेतात ते विचारून घे, लोक पहिला प्रश्न तोच विचारतील.