बग्गी फक्त डावीकडे वळतानाच गर्रकन फिरते

रिमोटवर चालणारी १/१० ची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी) टू व्हील ड्राइव्ह बग्गी आहे, सुट्या मातीवर पळवतो. उजवीकडे मस्त वळते, पण डावीकडचं वळण संपताना थ्रॉटल दिला की मागचा भाग सुटतो आणि गाडी आली त्याच दिशेला तोंड करून उभी. मागच्या शॉकमध्ये (धक्के शोषणाऱ्या नळ्या) ३० वेट ऑइल (आकडा मोठा तितकं घट्ट), टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळलेली) ३ डिग्री, कॅम्बर (चाकाचा उभा कल) निगेटिव्ह १. टायर नवे टाकले, स्प्रिंग बदलल्या, फरक शून्य. आता ऑइल ४० करू का?

धुरळा_७:
४० नको, उलट मागे मऊ कर, बॅटरी मागे सरकव. सुट्या मातीत मागच्या चाकांवर वजन पाहिजे.

गिअरवाला:
अरे थांबा, एकाच बाजूला होतंय ना? मग हे सेटिंगचं नाहीच, सेटिंग चुकलं असतं तर दोन्हीकडे फिरली असती. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं म्हणजे माझा संशय मागच्या उजव्या शॉकवर. मागचे दोन्ही शॉक काढ, स्प्रिंग उतरव, दोन्ही शेजारी धरून एकदम दाब. एक पटकन आत गेला की चोर सापडला. शॉक काढलेच आहेत तर आर्म (चाक धरणारा दांडा) उचलून सोडून पण बघ, आपल्या वजनाने खाली पडला पाहिजे, अडकला तर हिंज पिन (आर्म जिच्यावर फिरतो ती) वाकलीय.

मूळ प्रश्नकर्ता:
सापडला! उजवा शॉक दाबला की आत पचक पचक, अर्धं ऑइल गायब. त्याच्या खालच्या टोपीला दर वेळी ओली चिकट माती लागलेली असायची आणि मी शहाण्यासारखा ती पुसून मोकळा. ओ-रिंग चिरलेली निघाली. वर त्या बाजूची स्प्रिंग दाबणारी कॉलर २ मिमी जास्त पिळलेली, गाडी तिकडे बसते म्हणून मीच पिळली होती 🤦 सगळं नीट केलं, आता दोन्हीकडे सारखी वळते. फक्त उडीनंतर पोट आपटतं.

गिअरवाला:
ऑइल भरल्यावर हवा काढलीस का? पिस्टन सावकाश वरखाली कर, बुडबुडे थांबेपर्यंत शॉक उभा ठेव, मगच टोपी लाव. मग बॅटरीसकट गाडी वीतभर उंचीवरून सोड, जिथे स्थिरावेल तिथे मागचे ड्राइव्हशाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) साधारण आडवे दिसले पाहिजेत, तेवढीच कॉलर फिरव, दोन्हीकडे सारखी. तरी आपटलं तर ३५ टाक, बाकी कशाला हात लावू नकोस. आणि बाटलीवर सीएसटी (ऑइलच्या घट्टपणाचं माप) बघून घे, वेटचा आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.