बाबांची लिथियमची गोळी आणि बहिणीची इनोसिटॉलची पुडी

हर्णैची_पोर:
बाबा १९ वर्षं लिथियम घेतायत, बायपोलरसाठी, म्हणजे मनाच्या टोकाच्या चढउतारांच्या आजारासाठी. त्या गोळीमुळेच ते आमच्यात आहेत असं मी मानते. धाकट्या बहिणीला गेल्या महिन्यात पीसीओडीसाठी (अंडाशयाची, पाळी बिघडवणारी तक्रार) मायो-इनोसिटॉलच्या, म्हणजे साखरेसारख्या एका रेणूच्या, पुड्या सुरू झाल्या. परवा आईने त्यातली अर्धी पुडी बाबांच्या ताकात ढवळली. "ताकद येते म्हणे त्याने." मी दापोलीला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्या पुस्तकात सरळ लिहिलंय की लिथियम पेशीतलं इनोसिटॉल कमी करतं. मग एकाचं कमी करायचं, दुसरीचं वाढवायचं, हे कसं? आणि आईने बाबांचं औषध पाण्यात घातलं का? चार दिवस त्यांचा हात थरथरतोय. काल जाळं सांधताना सुई तीनदा हातातून पडली, मग ते जाळं बाजूला सारून नुसते बसून राहिले.

गुहागर_मेडिकल:
ताई, आधी थरथर बघा. बाकी सगळं नंतर. लिथियमची पातळी रक्तात तपासून घ्या, शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं. उलटी, जुलाब, तोल जाणं, बोलणं जड होणं यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. आणि सांगा, मीठ कमी केलंय का? उन्हात फार घाम गेलाय का? गुडघ्यासाठी-पाठीसाठी दुखण्याची गोळी (आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी) चालू आहे? या तिन्हींनी मूत्रपिंड लिथियम नीट बाहेर टाकत नाही, ते अंगात साठतं.

खारेपाटचा_मास्तर:
वरच्यांचं आधी ऐक, बाळ. रक्त दिलंस की मग हे वाच. मी ३१ वर्षं जीवरसायन शिकवलं आणि हा धडा शिकवताना मला कायम आमच्या शेताच्या बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, आठवायची.

बांधापलीकडे खाडीचं पाणी तटतटलेलं, अलीकडे कोरडं शेत. पेशीतही तसंच. आतल्या द्रवात कॅल्शियम नगण्य, बाहेरच्या जेमतेम दहा हजारावा भाग. साठा असतो आतल्याच एका जाळीदार कप्प्यात, कोंडलेला. बाहेरून संप्रेरक किंवा चेतारसायन पेशीच्या दारावर आलं की पेशीच्या पटलातल्या पीआयपी२ नावाच्या मेदाला फॉस्फोलायपेज सी हे विकर (एन्झाइम) कापतं. त्यातून सुटतो आयपी३, म्हणजे तीन फॉस्फेट लागलेलं इनोसिटॉल. तो तरंगत जाऊन कप्प्याची उघाडी उघडतो आणि कॅल्शियम आत लोटतं. १९८३ साली स्वादुपिंडाच्या पेशींवर हे दाखवलं गेलं. ते दाखवणाऱ्या चौघा शास्त्रज्ञांपैकी एक मायकेल बेरिज.

निरोप पोचला की आयपी३चे फॉस्फेट एकेक करून उतरवतात आणि मोकळं इनोसिटॉल पुन्हा मेदात जातं. शेवटचा फॉस्फेट उतरवणारं विकर लिथियम अडवतं. फेरा तिथेच अडतो. मेंदूला हे जास्त जाणवतं, कारण रक्तातलं इनोसिटॉल तिथे सहज शिरत नाही. म्हणून ज्या पेशी अतोनात निरोप घेतायत त्यांनाच लिथियम जास्त आवरतं, ही बेरिज यांची मांडणी. मला ती फार सुंदर वाटते. पण तेवढ्यावर सगळं उलगडत नाही. लिथियम जीएसके-३ या दुसऱ्या विकरालाही रोखतं आणि कुठल्याचा वाटा किती यावर अजून वाद आहे.

अर्ध्या पुडीने १९ वर्षांचं औषध धुऊन जात नाही, आईला तेवढं सांग. पण बायपोलर माणसाला इनोसिटॉल रोज द्यायचं झालं तर त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नका.

बहिणीची गोष्ट निराळी. तिथे मुद्दा इन्सुलिनचा. इन्सुलिनचा निरोप आला की त्याच पीआयपी२वर आणखी एक फॉस्फेट चढतो, पीआयपी३ बनतो आणि पुढे साखर पेशीत घेतली जाते. हा चढलेला फॉस्फेट उतरवणारं पीटेन हे विकर बिघडलं तर पेशी वाढतच राहते. कितीतरी कर्करोगांत हे सापडतं. पुडीचा फायदा किती? २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पुरावा मर्यादित म्हटलंय, धोकाही कमी म्हटलाय. तिने घ्यावी, पण व्यायाम आणि जेवण सोडून नव्हे.

वेंगुर्ल्याची_काकी:
मास्तर, नाचणीतही हेच इनोसिटॉल असतं ना? मग भावोजींची आंबील बंद करायची का?

खारेपाटचा_मास्तर:
अजिबात नको. धान्यात असतं ते फायटिक आम्ल, सहाही जागी फॉस्फेट लागलेलं इनोसिटॉल. ते लोह आणि जस्त धरून ठेवतं, एवढीच तक्रार. नाचणी भिजवली, मोड आणले, आंबवली की फायटेज हे विकर ते फॉस्फेट सोडवतं. आंबवलेलं पीठ म्हणूनच चांगलं.

हर्णैची_पोर:
पातळी १.६ आली. डॉक्टर म्हणाले, त्यांची ०.८च्या आसपास हवी. दोष पुडीचा नव्हताच. शिमग्यात पालखी नाचवून बाबांचा गुडघा धरला होता, तेव्हापासून ते दुखण्याची गोळी रोज दोन वेळा घेत होते, आणि आम्हाला कुणाला माहीतच नाही. ती बंद केली, गुडघ्याला पॅरासिटामॉल दिलंय. लिथियम दोन दिवस थांबवून कमी डोसवर सुरू करायचं, मंगळवारी परत रक्त. काका, मास्तर, तुमच्यामुळे आम्ही त्याच दुपारी दापोलीला निघालो. पुड्या आता बहिणीच्या कपाटात आहेत. दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट मी आईकडून मागून घेतलं आणि बाबांच्या लिथियमच्या डबीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: याच्यासोबत डॉक्टरांना न विचारता दुखण्याची गोळी नाही.